पोटातले जीवाणू, इम्युनोथेरपी आणि केमिस्टकडची प्रोबायोटिक पाकिटं

शिवडीकर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुकतंच एक ढकलपत्र आलं. ‘कॅन्सरचं औषध लागू पडणार की नाही हे तुमच्या आतड्यातले जंतू ठरवतात, परदेशी शास्त्रज्ञांचा शोध, अमुक कॅप्सूल रोज दोन घ्या.’ खाली प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत उपयोगी जीवाणूंच्या कॅप्सूलच्या, डबीचा फोटो. तळमजल्यावरच्या एका काकांचे परळला उपचार चालू आहेत. संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांनी त्यांच्या घरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्या नेऊन दिल्या, प्रेमानेच. काकूंनी मला विचारलं, कारण मी जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. जिन्यात उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

ढकलपत्राचं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. भानगड आहे ती ‘म्हणून कॅप्सूल घ्या’ या उडीत.

सुरुवात उंदरांपासून. शिकागो विद्यापीठातल्या थॉमस गायेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत एकाच वाणाचे उंदीर दोन वेगळ्या पुरवठादारांकडून यायचे. दोघांनाही मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका वाईट कर्करोगाच्या पेशी टोचल्या, तर एका पुरवठादाराच्या उंदरांत गाठ भराभर वाढे आणि दुसऱ्याच्या उंदरांत सावकाश. जनुकं तीच, पेशी त्याच. मग दोन्ही गट एका पिंजऱ्यात ठेवले आणि फरक नाहीसा झाला. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. म्हणजे जी काही करामत होती ती विष्ठेतून जात होती. शोध घेता घेता ही मंडळी बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जीवाणूपाशी पोचली. तो तोंडावाटे दिला आणि जोडीला इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारं, औषध दिलं, तर गाठीची वाढ जवळजवळ थांबली. हे २०१५ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. त्याच अंकात पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेतल्या लोरांस झिटव्होगेल यांच्या गटाने दाखवलं की ज्या उंदरांच्या आतड्यात जीवाणूच नाहीत, किंवा अँटिबायोटिकने मारून टाकलेत, त्यांच्यात इम्युनोथेरपीचं दुसरं एक औषध चालतच नाही.

माणसांवरचे पहिले मोठे निष्कर्ष जानेवारी २०१८ मध्ये आले, तेही एकाच अंकात तीन. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात ११२ मेलानोमा रुग्ण तपासले, शिकागोत ४२, आणि पॅरिसच्या गटाने फुफ्फुस आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण घेतले. ज्यांना औषध लागू पडलं आणि ज्यांना नाही, त्यांच्या शौचातले जीवाणू वेगळे निघाले. या रुग्णांची विष्ठा जंतुविरहित उंदरांना दिली, तर उंदरांतही तसाच फरक पडला. इथपर्यंत झकास. पण नावं बघा: ह्यूस्टनला फीकॅलीबॅक्टेरियम आणि त्याचे भाईबंद, शिकागोत बिफिडोबॅक्टेरियम लाँगम, पॅरिसला अ‍ॅकरमान्सिया म्युसिनिफिला. तीन शहरं, तीन वेगळे नायक. पुढे २०२२ मध्ये युरोपातल्या मेलानोमा रुग्णांचे गट शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एका गटात ‘चांगला’ ठरलेला जीवाणू दुसऱ्या गटात ठरेनाच. डबीवर ज्याचं नाव छापलंय तो नक्की कुठल्या शहरातला, हा प्रश्न विचारायला मी काकूंना सांगितलं आहे.

मग आली विष्ठारोपणाची पाळी. नाकं मुरडू नका. औषध लागू पडलेल्या रुग्णाची विष्ठा गाळून, तपासून, कोलोनोस्कोपीने किंवा कॅप्सूलमधून औषध लागू न पडलेल्या रुग्णाला द्यायची आणि तेच औषध पुन्हा सुरू करायचं. २०२१ मध्ये पिट्सबर्गला १५ पैकी ६ जणांना याचा फायदा दिसला, इस्राएलमध्ये १० पैकी ३ जणांना. आकडे लहान आहेत आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही ज्यांच्यावर औषध आधी हरलं होतं अशांपैकी काहींच्या गाठी आकसल्या, ही साधी गोष्ट नाही. २०२३ मध्ये कॅनडात निरोगी दात्यांची विष्ठा उपचाराच्या सुरुवातीलाच दिली, तेव्हा २० पैकी १३ जणांनी प्रतिसाद दिला.

आता कॅप्सूलकडे. एमडी अँडरसनच्याच गटाचा एक अभ्यास २०२१ च्या शेवटी छापून आला. त्यात मेलानोमा रुग्णांना विचारलं होतं की तुम्ही काय खाता आणि दुकानातली प्रोबायोटिक घेता का. आहाराची पूर्ण माहिती १२८ जणांची मिळाली. जे दिवसाला २० ग्रॅम किंवा अधिक तंतू, म्हणजे फायबर, खात होते त्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दर ५ ग्रॅम जादा तंतूंमागे आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी दिसला. सगळ्यांत चांगली स्थिती होती तंतू खाणाऱ्या पण प्रोबायोटिक न घेणाऱ्यांची. आणि ज्या उंदरांना दुकानातली प्रोबायोटिक दिली, त्यांच्यात इम्युनोथेरपी उलट कमी चालली.

असं का व्हावं? याचा एक धागा इस्राएलच्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात सापडतो. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर ज्यांना प्रोबायोटिक दिलं, त्यांचे मूळचे जीवाणू परत यायला उशीर लागला. काहीच न घेणाऱ्यांचे लवकर परतले. चाळीतली मूळ मंडळी गणपतीला गावी गेली आणि परत येऊन बघतात तो पोटभाडेकरू खोली सोडायला तयार नाही, तसा प्रकार.

काकूंना मी एवढंच म्हटलं की डब्या फेकू नका, पण उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

मीनल_लालबाग

वाचनखूण साठवली. सर, एक बाळबोध प्रश्न. आतड्यातला जीवाणू आणि फुफ्फुसातली गाठ, यांचा संबंध येतो कुठे? जीवाणू तिथे चालत जातात का?

बाब्या_विक्रोळी

चालत कशाला, डायरेक्ट कोलोनोस्कोपी एक्स्प्रेस. कोणी दाता व्हायचं असेल तर आमच्या ऑफिसातला एक माणूस सुचवतो, दिवसभर तेच काम करतो.

शिवडीकर

बाब्या, दाता व्हायला फार कडक चाळणी असते, तुमचा माणूस पहिल्याच फेरीत गळेल.

मीनलताई, प्रश्न बाळबोध नाही, या विषयातला तोच मुख्य प्रश्न आहे. इम्युनोथेरपीची ही औषधं गाठीला थेट मारत नाहीत. आपल्या टी पेशींवर, म्हणजे लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींवर, निसर्गाने काही ब्रेक बसवलेले असतात, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर तुटून पडतील. कर्करोग हे ब्रेक दाबून धरतो. औषध ते सोडवतं. ब्रेकचा हा शोध लावणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण ब्रेक सोडून उपयोग कधी, तर मुळात टी पेशी तयारीत असतील तर. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो आणि तिथे त्यांची जीवाणूंशी अष्टौप्रहर गाठ पडते. काही जीवाणू त्यांना जागं ठेवतात, काही शांत करतात. तंतू आंबवून जीवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, ती रक्तात जातात. पित्तरसातल्या आम्लांचं रूपही तेच बदलतात. शिवाय पेशी एका जागी बसून राहत नाहीत, रक्तातून फिरतात.

२०२३ मध्ये फ्रेंच गटाने यातला एक दुवा बराच स्पष्ट केला. आतड्याच्या रक्तवाहिन्यांवर मॅडकॅम-१ नावाचं एक प्रथिन असतं. प्रतिकार दडपणाऱ्या काही टी पेशींना ते आतड्यातच धरून ठेवतं. अँटिबायोटिक बंद केल्यावर काही विशिष्ट जीवाणू माजतात, पित्ताम्लं बदलतात, हे प्रथिन कमी होतं, आणि त्या पेशी आतडं सोडून थेट गाठीत जाऊन बसतात. हे मुख्यत्वे उंदरांत दाखवलं. पण रुग्णांच्या रक्तात या प्रथिनाचं प्रमाण कमी असलं, तर निकाल वाईट असतो, हेही दिसलं.

तेव्हा जीवाणू स्वतः जात नाहीत, त्यांची रसायनं आणि त्यांच्या सहवासातल्या पेशी जातात.

निरंजन७१

सर, शरीरात आपल्या पेशींपेक्षा दसपट जीवाणू असतात म्हणतात. मग आपण माणूस कसले, जीवाणूंची वसाहतच.

शिवडीकर

दसपट हा जुना अंदाज. २०१६ मध्ये पुन्हा हिशेब मांडला तेव्हा साधारण ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी असं निघालं, म्हणजे जवळपास बरोबरी. आणि सगळ्या जीवाणूंचं वजन मिळून जेमतेम २०० ग्रॅम.

केमिस्ट_दादर

लेख आवडला सर. काउंटरच्या आतल्या बाजूने थोडं लिहितो.

बाहेरगावाहून आलेले पेशंट आमच्या भागात बरेच राहतात, गाडगे महाराज धर्मशाळा जवळच आहे. फाइल घेऊन नातेवाईक येतात. लिहून दिलेली औषधं एकीकडे, आणि मग ‘भाऊ, पोट बिघडलंय, काहीतरी द्या’. काहीतरी म्हणजे काय? अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी, पॅन्टोप्राझोल, आणि जोडीला प्रोबायोटिकचं पाकीट. चिठ्ठीशिवाय मागतात आणि देणारेही आहेत, आमच्याच धंद्यातले. मी अँटिबायोटिक देत नाही, तर पुढच्या दुकानात जातात. पाकिटाचं तर विचारूच नका, ते औषध आहे असं कोणाला वाटतच नाही, पावडरीसारखं उचलतात.

माझा प्रश्न: अँटिबायोटिकमुळे इम्युनोथेरपी वाया जाते असं ठामपणे सांगता येईल का? तसं असेल तर मी काउंटरवर पाटीच लावतो.

शिवडीकर

२०१९ मधल्या एका अभ्यासात १९६ रुग्ण होते. इम्युनोथेरपी सुरू होण्याआधीच्या महिन्याभरात अँटिबायोटिक घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण जेवढं जगले तो काळ, २ महिने भरलं, न घेतलेल्यांचं २६ महिने. फरक भयंकर आहे. गंमत अशी की उपचार चालू असताना अँटिबायोटिक घेतलेल्यांत असा फरक दिसला नाही. पाटी लावायच्या आधी मात्र कोणा प्रॅक्टिस करणाऱ्याचं मत घ्यावं.

ड्युटीडॉक्टर

पाटी लावू नका, कृपा करून.

कर्करोग विभागात काम करते, कुठे ते सोडून द्या. शिवडीकर सरांचा लेख चांगला आहे, पण धागा अर्धाच वाचून कोणी घरी अँटिबायोटिक बंद केली तर माणूस दोन दिवसांत जाईल, म्हणून रात्रपाळीतून लिहितेय.

पहिली गोष्ट. वर जो २ आणि २६ महिन्यांचा आकडा दिलाय, त्यात अँटिबायोटिक कोणाला दिलं होतं? जे आधीच जास्त आजारी होते, ज्यांना संसर्ग झाला होता, त्यांना. तेव्हा दोष गोळीचा किती आणि मूळ प्रकृतीचा किती हे अशा अभ्यासातून पूर्ण सुटं करता येत नाही. संशोधक गणिताने प्रयत्न करतात, पण चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्याशिवाय खात्री नाही, आणि संसर्ग झालेल्या माणसाला चिठ्ठी टाकून अँटिबायोटिक नाकारणं कोणी करणार नाही. पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचंही असंच आहे. त्या घेणाऱ्यांत इम्युनोथेरपी कमी चालल्याचं काही अभ्यासांत दिसतं, पण त्या घेणारे मुळात अधिक औषधांवर असतात.

दुसरी गोष्ट, आणि ही भिंतीवर लिहून ठेवा. केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असण्याची शक्यता धरून थेट कॅज्युअल्टी गाठायची. त्या वेळी शिरेतून अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू व्हावं असा आमचा प्रयत्न असतो. पोटातल्या चांगल्या जीवाणूंचा विचार तेव्हा कोणीही करायचा नाही, मी तर नाहीच नाही.

तिसरी. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या, आतड्याची आतली त्वचा केमोने सोललेली, आणि छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे औषधासाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी. अशा रुग्णाच्या रक्तात पाकिटातला लॅक्टोबॅसिलस सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

केमिस्टदादा, तुम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही हेच पुरेसं आहे. त्यात नवीन कारण घालू नका.

केमिस्ट_दादर

पटलं मॅडम. पाटी रद्द.

विद्या_गिरगाव

आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. पंचगव्यात काय असतं मग? गोमयातले जीवाणूच की. परदेशी लोकांनी विष्ठा दिली की विज्ञान, आपण दिली की अंधश्रद्धा.

ड्युटीडॉक्टर

विद्याताई, विष्ठारोपणात दात्याच्या रक्ताच्या आणि शौचाच्या कितीतरी तपासण्या होतात आणि तरीही २०१९ मध्ये अमेरिकेत अशा प्रयोगांत एकाच दात्याच्या विष्ठेतला, औषधांना न जुमानणारा ई. कोलाय जंतू दोन रुग्णांच्या अंगात गेला आणि त्यातला एक दगावला. तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ताबडतोब इशारा काढला, चाचण्यांचे नियम बदलले. विज्ञान म्हणायचं ते या नोंद ठेवण्याला आणि नियम बदलण्याला. गोठ्यातल्या शेणाची अशी कुठली तपासणी होते? केमोच्या रुग्णाला ते देऊ नका, कोणीही सांगितलं तरी.

बाब्या_विक्रोळी

धागा पेटणार असं दिसतंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (तंतू असतात त्यात.)

रसायनीकर

चर्चा इम्युनोथेरपीभोवतीच फिरतेय. पण आपल्याकडे बहुसंख्य रुग्णांना साधी केमोच मिळते, आणि तिथे जीवाणूंचा हात औषधाच्या रेणूवरच पडतो. माझा हा प्रांत आहे, औषधनिर्मितीत आयुष्य गेलं.

इरिनोटेकान घ्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात देतात. शरीरात त्याचं एसएन-३८ नावाचं जहाल रूप बनतं. काम करून झालं की यकृत त्याला एक साखरेची शेपटी लावून निकामी करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. पुढे शौचावाटे बाहेर, संपलं. पण आतड्यातल्या जीवाणूंकडे बीटा-ग्लुक्युरॉनिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. त्यांना ती साखर हवी असते, ते शेपटी तोडतात, आणि औषध आतड्यातच पुन्हा जिवंत होतं. मग जे जुलाब लागतात ते काही रुग्णांना इतके असह्य होतात की उपचार थांबवावे लागतात. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फक्त जीवाणूंचं हे विकर अडवणारी रसायनं शोधली, जीवाणू न मारता. उंदरांचे जुलाब थांबले. मला तो शोधनिबंध आजही देखणा वाटतो.

उलटंही होतं. जेमसायटाबिन हे स्वादुपिंडाच्या कर्करोगातलं नेहमीचं औषध. वाइझमन संस्थेच्या गटाने २०१७ मध्ये स्वादुपिंडाच्या ११३ गाठी तपासल्या, तर ८६ गाठींच्या आत जीवाणू सापडले. त्यातल्या बऱ्याच जीवाणूंकडे जेमसायटाबिन मोडून टाकणारं विकर होतं. म्हणजे औषध गाठीपर्यंत पोचायचं आणि तिथे हे बसलेलेच.

सगळ्यांत अंगावर काटा आणणारी गोष्ट जपानची. १९९३ मध्ये तिथे नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचं विषाणुरोधक औषध बाजारात आलं. काही आठवड्यांत १५ च्या आसपास माणसं दगावली. सगळे कर्करोगाचे रुग्ण, सगळे ५-एफयू जातीची केमो घेत होते. झालं असं, की आतड्यातल्या जीवाणूंनी सोरिव्हुडिनचं एक दुसरं रसायन बनवलं. त्या रसायनाने यकृतातलं ५-एफयू मोडणारं विकर कायमचं बंद पाडलं. केमो रक्तात साठत गेली आणि नेहमीचा डोस विषासारखा ठरला. औषध मागे घेतलं गेलं. दोन औषधं एकमेकांत मिसळत नाहीत हे आपण शिकतो, पण मध्ये तिसरा पक्ष बसलाय हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं.

मीनल_लालबाग

बाप रे. जपानचं कधीच ऐकलं नव्हतं.

ठाणेकर_प्रशांत

मूळ मुद्द्यावर येतो. इम्युनोथेरपी परवडते कोणाला? माझ्या मेहुण्याला जबड्याचा कॅन्सर, तंबाखूचा. दर तीन आठवड्यांचा खर्च ऐकून घरात कोणी बोलेना. तिथे अ‍ॅकरमान्सिया आहे की नाही हे कुठे बघत बसू?

ड्युटीडॉक्टर

प्रशांतदादा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर या मुंबईतच काम झालंय. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिलं. एरवीचा डोस २४० मिलिग्रॅम असतो, तोही दर दोन आठवड्यांनी. सोबत कमी मात्रेच्या तीन गोळ्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. १५१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षभराने १६.३ टक्के हयात होते, निव्होलुमॅब जोडलेल्या गटात ४३.४ टक्के. मेहुण्यांच्या डॉक्टरांना ‘कमी डोसचं निव्होलुमॅब’ एवढं विचारून बघा, त्यांना लगेच कळेल. लागू होईल की नाही हे त्यांच्या फाइलवर ठरेल.

आणि यातून जीवाणूंबद्दलची माझी खरी तक्रार निघते. वर आलेले अभ्यास जवळजवळ सगळे गोऱ्या देशांतले, त्यातही मेलानोमाचे. आमच्या ओपीडीत मेलानोमा क्वचित. तोंडाचा कर्करोग रोज. आणि भारतीय आतड्यात प्रीव्होटेला नावाच्या जीवाणूचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा बरंच जास्त असतं, धान्य-डाळींच्या आहारामुळे. ह्यूस्टनच्या स्टेकखाऊ माणसाचं पोट बघून बनवलेली यादी लातूरच्या शेतकऱ्याला कशी लावायची? पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या सूक्ष्मजीवांवर अनेक वर्षं काम केलंय. तसा पाया घेऊन कर्करोगाच्या रुग्णांवर आपले स्वतःचे मोठे अभ्यास हवेत.

ठाणेकर_प्रशांत

डॉक्टर, नाव लिहून घेतलं. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, विचारतो. मनापासून आभार.

निरंजन७१

अवांतर: शिवडीकर सर, दह्याने आयुष्य वाढतं ही कल्पना मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाची ना?

शिवडीकर

हो, बल्गेरियातल्या दीर्घायुषी लोकांच्या दह्यावरून त्याने ते मांडलं. गंमत म्हणजे पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा शोधही त्याचाच, १९०८ चं नोबेल त्यासाठी. दही आणि प्रतिकारशक्ती, दोन्ही टोकं एकाच माणसाकडे होती, गाठ मात्र त्याने वेगळी मारली. आणखी अवांतर: ओडेसात त्याचा एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. पुढे हाच हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईला आला आणि जानेवारी १८९७ मध्ये आपली लस त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच्या नावाची संस्था परळलाच आहे, टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्यासारखी.

कमल_डोंबिवली

मी सगळं वाचलं, थोडं कळलं थोडं नाही. मला रोजच्या जेवणाचं सांगा कोणीतरी. सासूबाईंना केमो चालू आहे. तिकडे सांगितलंय कच्चं काही नको, सॅलड नको. नणंद म्हणते ताक द्या, जीवाणू वाढतात. जाऊबाई म्हणतात डाळी नकोत, गॅस होतो. मी नुसती मऊ भात नि बटाटा देतेय, त्यांना आता तेही नकोसं झालंय.

ड्युटीडॉक्टर

कमलताई, तुमच्या सासूबाईंचा रिपोर्ट माझ्यासमोर नाही, म्हणून जे सर्वांना लागू तेवढंच.

तंतू म्हणजे कच्चं सॅलड नव्हे. शिजवलेली मुगाची डाळ, मसूर, दुधी, भोपळा, गाजर, नाचणीची आंबील, ज्वारीची मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. हे सगळं तंतूच, आणि शिजल्यामुळे जंतूंची भीती नाही. गॅस होत असेल तर डाळ भिजवून, पातळ करून, हिंग घालून, थोडी थोडी वाढवत न्या. एकदम वाटीभर नको. जुलाब चालू असतील, आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा आतड्याला अडथळा असेल तर उलट तंतू कमीच ठेवायचे असतात, तेव्हा तुमचा भात-बटाटाच बरोबर. वर जो २० ग्रॅमचा अभ्यास आला तो इम्युनोथेरपीच्या रुग्णांचा होता, सासूबाईंना केमो आहे. तो आकडा गाठायच्या मागे लागू नका, त्यांनी चार घास आनंदाने खाल्ले तर ते आधी.

ताकाचं: पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट चांगला असेल तर पाश्चराइज्ड दुधाचं, घरी लावलेलं ताजं ताक बहुतेक डॉक्टर चालवून घेतात. पेशी खाली असतील त्या दिवसांत नको. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पेशी सर्वांत खाली जातात, पण औषधानुसार हे बदलतं, म्हणून तुमच्या युनिटमधल्या आहारतज्ज्ञ ताईंना तारखेसकट विचारा. बाहेरची लस्सी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं या काळात नकोतच.

शिवडीकर

पुरवणी जोडतो. १०० ग्रॅम पेरूत ५ ग्रॅमहून जास्त तंतू असतात. कच्चं खायची परवानगी मिळाल्यावर आपल्या हाताने धुऊन, साल काढून. लोकलच्या डब्यातल्या फेरीवाल्याकडचा मीठ-मसाला लावलेला नव्हे, कितीही मोह झाला तरी.

कमल_डोंबिवली

नाचणीची आंबील त्यांना आवडते! सुचलंच नव्हतं. ताक विचारून मगच देईन.

सचिन_खारघर

हल्ली ऑनलाइन किट मिळतात, घरी शौचाचा नमुना घेऊन पाठवायचा, जीवाणूंचा रंगीत रिपोर्ट येतो. त्यावरून उपचार ठरवता येतील का? बायको मागवायचं म्हणतेय.

शिवडीकर

रिपोर्ट येईल, ठरणार काही नाही. कुठला जीवाणू किती असला म्हणजे चांगलं हेच अजून ठरलेलं नाही. अ‍ॅकरमान्सियाचंच घ्या. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ३३८ रुग्णांत २०२२ मध्ये पाहिलं, तर तो असणं चांगलं दिसलं, पण प्रमाणाबाहेर वाढलेला असला तर निकाल उलट वाईट. या क्षेत्रात मोजमापाच्या चुकाही मोठमोठ्या झाल्यात. रक्तातल्या आणि गाठीतल्या जीवाणूंच्या डीएनएवरून कर्करोग ओळखता येतो असा गाजलेला निबंध ‘नेचर’ने २०२० मध्ये छापला होता. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याचे आकडे तपासले, त्यात घोळ निघाला, आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. जगातल्या नामांकित प्रयोगशाळेची ही गत, तर कुरिअरने गेलेल्या डबीतून काय वाचायचं?

सचिन_खारघर

ठीक. पण समजा एखाद्याला खरंच यातला उपचार हवा असेल, विष्ठारोपण किंवा तो जपानी जीवाणू वगैरे, तर मुंबईत मिळतो का?

ड्युटीडॉक्टर

विष्ठारोपण भारतात पोटविकाराचे काही डॉक्टर करतात, पण ते मुख्यतः सी. डिफिसिल नावाच्या जंतूच्या हट्टी जुलाबांसाठी किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजारासाठी. कर्करोगाचं औषध चालावं म्हणून ते देणं सध्या प्रयोगाच्याच पातळीवर आहे, कुठल्याही देशात. जपानी जीवाणू म्हणजे तुम्ही सीबीएम ५८८ म्हणताय बहुतेक, जपानमध्ये प्रोबायोटिक म्हणून देतात तो. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या ३० रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला, इम्युनोथेरपीच्या जोडीला. आजार आटोक्यात राहण्याचा काळ १२.७ महिने विरुद्ध २.५ महिने असा आला, पण प्रयोग ज्या मुख्य प्रश्नासाठी आखला होता, म्हणजे आतड्यातलं बिफिडोबॅक्टेरियमचं प्रमाण बदलतं का, त्यात फरक दिसला नाही. ३० माणसांवरून मी कोणाला लिहून देणार नाही.

कुठे असा प्रयोग चालू आहे का हे बघायचं असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआयची साइट सगळ्यांना खुली आहे. भारतातल्या ट्रायलची नोंद तिथे असावी लागते. आजाराचं नाव आणि ‘मायक्रोबायोम’ टाकून शोधा, शहर बघा, रुग्ण घेणं चालू आहे की बंद तेही तिथे लिहिलेलं असतं. नोंद नसलेल्या ठिकाणी कोणी ‘ट्रायल आहे, जीवाणूंचं पॅकेज आहे’ म्हणून पैसे मागितले तर तिथून सरळ उठून या.

केमिस्ट_दादर

मॅडम, या साइटचं नाव मोठ्या अक्षरात लिहून काउंटरला लावू का? ही पाटी चालेल ना?

ड्युटीडॉक्टर

ही लावा. खाली तापाचा १००.४ चा आकडाही लिहा.